मेमरीची भिशी

आश्विनातली पाळी आपल्याला मिळावी म्हणून विभावरी मोहितेने उन्हाळ्यापासूनच सगळ्यांची मनधरणी चालवली होती. भिशीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि जिचं नाव निघेल तिचा तो महिना, हा रिवाज कराडच्या बायकांना सांगायला नको. पण विभावरीने चिठ्ठी टाकूच दिली नाही. "मला हादग्याचा महिना द्या. मग पुढे सगळ्यांत शेवटी माझा नंबर लावलात तरी चकार शब्द काढणार नाही," ती म्हणाली. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवलेल्या आणि भल्याभल्यांना बाकावर उभं केलेल्या या बाईला इतक्या काकुळतीला आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बायका गुमान कबूल झाल्या.

ही भिशी मेमरीची होती. कॉम्प्युटरच्या मेमरीची, म्हणजे ज्याला लोक रॅम म्हणतात त्याची. ज्यांना आधीचा काळ आठवतो त्यांना याचं हसू येईल. एके काळी रॅमची पट्टी कुठल्याही दुकानात मिळायची आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन बदल्यात प्लॅस्टिकची बादली घेतली, तर घरातली माणसं त्या बाईचं कौतुक करायची. विभावरीच्या सासूबाईंनी अशीच एक बादली घेतली होती. ती अजून न्हाणीघरात शाबूत होती, आणि आंघोळीला जाताना तिच्याकडे बघून विभावरीचा नवरा सतीश रोज न चुकता एक उसासा टाकायचा.

कॉम्प्युटरला दोन तऱ्हेच्या जागा लागतात. एक साठवणीची. तिथे फोटो, गाणी, हिशेब वर्षानुवर्षं पडून राहतात, वीज गेली तरी त्यांना काही होत नाही. ते घरातलं फडताळ समजा. दुसरी जागा मेमरीची, आणि ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळातून काढायचं, ओट्यावर मांडायचं, मगच काम. ओटा वीतभर असेल तर फडताळात डबे कितीही भरलेले असोत, पंगतीचा स्वयंपाक त्यावर होत नाही. शिवाय हा ओटा असा विचित्र की वीज गेली, किंवा कुणी त्याचा एक तुकडा काढून नेला, की त्याच्यावरचं सगळं क्षणात नाहीसं होतं. पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.

माणसांऐवजी विचार करणारी, लिहिणारी, चित्रं काढणारी प्रचंड यंत्रं जगात जागोजागी उभी राहिली, तेव्हा त्यांना असे ओटे डोंगरासारखे लागायला लागले. मेमरी बनवणारे कारखाने मोजकेच. त्यांनी आपला सगळा माल त्या यंत्रांच्या मालकांना आगाऊ विकून टाकला. घरच्या माणसांसाठी आधी भाव वाढले, मग त्याच भावात मेमरी कमी झाली. पुढे नवे कॉम्प्युटर मेमरीशिवायच यायला लागले, मेमरी हवी असेल तर कंपनीकडून तासावर भाड्याने घ्या. गुरुवार पेठेतल्या सराफांनीसुद्धा 'जुनी रॅम योग्य भावात घेतली जाईल' अशी पाटी दारावर लावली, आणि पोरांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या पट्ट्या बायका दागिन्यांच्या डब्यात ठेवू लागल्या.

भिशीची युक्ती शमीम मुलाणीची. शमीमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. नव्या-जुन्या, लहान-मोठ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पट्ट्या एकाच चौकटीत बसवून त्यांचा एक मोठा ओटा करणारं यंत्र बाजारात आलं होतं, लोक त्याला जोडपाटी म्हणत. शमीमने ते आणलं आणि मैत्रिणींना म्हणाली, "एकेकीच्या पट्टीवर काय हुतंय? सगळ्यांच्या एकीकडं घालू की. आळीपाळीनं एकेकीला महिनाभर." नियम एकच ठरला. जिची पाळी तिच्या महिन्यात मधेच कुणी आपली पट्टी परत मागायची नाही. कुणी त्या महिन्यात लेकीच्या लग्नाचा सिनेमा नीट करून घेतला, कुणी नुसतं नातवाला खेळायला दिलं. ज्याची त्याची हौस.

विभावरीला हवा होता तिच्या आईचा आवाज.

विभावरी, शमीम आणि चित्रलेखा भागवत, पूर्वीची कुलकर्णी, या तिघी वीज मंडळाच्या कॉलनीत एकत्र वाढल्या. तीन इमारती, मधे मैदान, मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी. भाद्रपद सरता सरता हस्त नक्षत्र लागलं की मैदानात पाटावर हत्तीचं चित्र मांडायचं, भोवती फेर धरून हादग्याची गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायचं. शमीमला वास घेऊनच खिरापत ओळखता यायची, त्यामुळे इतर पोरी तिला शेवटी उभी करायच्या.

विभावरीची आई, सगळ्यांच्या अनुवहिनी, हादग्याची पुढारी होती. नेहमीची गाणी संपली की ती स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायला लावायची. सगळ्या गावाला वीज देणाऱ्यांच्या कॉलनीतच ऐन स्वयंपाकाच्या वेळी लाईट जायची, त्यावर ते होतं. प्रत्येक घरावर एकेक ओळ. आपल्या घराची ओळ आली नाही तर बायका रुसायच्या, म्हणून गाणं दरवर्षी लांबत गेलं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. अनुवहिनींना येत होतं, मग लिहायचं कशाला? आता विभावरीला त्यातलं धृपद तेवढं आठवत होतं. लाईट गेली बाई, लाईट गेली.

आई गेली तेव्हा फोनवर व्हिडिओ काढायची सोय नव्हती. विभावरीच्या मुलीचे, गार्गीचे, पहिल्या पावलापासूनचे इतके व्हिडिओ होते की बघायला एक जन्म पुरला नसता. आईची मात्र एक कॅसेट होती. एका हादग्याच्या दिवशी कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता, तीच. त्यात पंचवीस-तीस बायका एका सुरात, खरं तर तितक्याच सुरांत, गात होत्या. विभावरीने ती शेकडो वेळा ऐकली होती, आणि एक गोष्ट तिने सतीशलासुद्धा सांगितली नव्हती. त्या गलक्यात आपल्या आईचा आवाज कोणता, हे तिला ओळखता येत नव्हतं. दरवेळी ती एखादा आवाज आईचा म्हणून धरून ठेवायची आणि पुढच्या ओळीला तो शेजारच्या शेडगे वहिनींचा निघायचा. स्वतःच्या आईचा आवाज आपण विसरलो, या विचाराने तिला भरल्या घरात एकटं वाटायचं.

विभावरीच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी शमीम जोडपाटी घेऊन आली. आठ बायकांच्या पट्ट्या एकेक करून बसवताना ती बोलत होती.

"तुझं नशीब बघ, टेप लावणाऱ्यानं चूक केली."

"कसली चूक?"

"मधी हत्तीचा पाट. त्यामुळं त्यानं टेप कडंला, टाकीच्या कट्ट्यावर ठेवला. मधोमध असता तर सगळ्या बायका सारख्याच लांब आल्या असत्या. आता कसं झालंय, फेर फिरतोय, तशी एकेक बाई टेपच्या जवळ येती आणि लांब जाती. आवाज मोठा हुतो, बारीक हुतो, तिन्ही इमारतींच्या भिंतींवरनं वेगवेगळा परत येतो."

विभावरीला हे समजलं. एखाद्या क्षणापुरतं ऐकलं तर आवाज वेगळे काढणं अशक्य होतं. पण सगळी कॅसेट एकदम ओट्यावर पसरली, आणि आत्ता जवळ आलेला हा गळा पुढच्या फेरीला कुठे जाईल, मागच्या फेरीला कुठे होता, हे यंत्राने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, तर एकेक गळा सुटा होत जातो. त्याला तीनेक आठवडे लागणार होते, आणि मधे थांबून चालणार नव्हतं.

"भाड्याच्या मेमरीवर एका दिवसात झालं असतं गं," शमीम म्हणाली.

"आणि कंपनीने आईचा आवाज ठेवून घेतला असता. त्यांच्या अटींत लिहिलंय तसं. उद्या माझी आई कुकरच्या जाहिरातीत बोलायला लागली तर?"

शमीम हसली आणि तिने बटण दाबलं.

विभावरीने त्या चौकटीची बाळंतिणीसारखी काळजी घेतली. वीज जाऊ नये म्हणून दोन बॅटऱ्या लावल्या, कामवाल्या बाईला त्या खोलीत झाडू मारायला बंदी केली, सतीशला पंखा लावायला बंदी केली. पडद्यावर एक पट्टी सावकाश भरत होती. शाळेतून आलं की ती चहासुद्धा त्या पट्टीसमोर बसून घ्यायची. दोन आठवडे असे बरे गेले.

मग बातमी आली. परदेशात मेमरीचे दोन मोठे कारखाने सुरू होतायत, भाव लवकरच कोसळणार. दुपारपर्यंत सराफांकडे रांगा लागल्या. संध्याकाळी पुण्याहून गार्गीचा फोन आला.

"आई, तुझी पट्टी विकून टाक. चार दिवसांत तिला कुणी विचारणार नाही."

"माझ्या एकट्या पट्टीचं नाही ते. सगळ्यांच्या आहेत."

"मग सगळ्यांना सांग."

सगळ्यांना सांगायला त्यांची पोरं होतीच. भिशीचा ग्रुप एरवी सकाळपासून किलबिलत असायचा, तो चिडीचूप झाला. कुणी काही मागत नव्हतं, कारण नियम होता. पण विभावरी मंडईत गेली तर भिशीतल्या दोघी भाजीवाल्यासमोर बोलताना तिला बघून गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी चित्रलेखा आली. तिची पट्टी सगळ्यांत मोठी, मुलाच्या, ओंकारच्या, खेळाच्या कॉम्प्युटरमधली. तिने पाणी घेतलं, खिडकीबाहेर बघितलं, पदर सारखा केला.

"मी मागायला नाही आले हं, विभा. ओंकारचा सकाळपासून चौथा फोन झाला, एवढंच सांगायला आले."

"आठवडाच राहिलाय गं. एक आठवडा," विभावरी म्हणाली. आवाज चढल्याचं तिचं तिलाच जाणवलं. "नियम आपण सगळ्यांनी मिळून केला ना? तुझ्या पाळीला मी मागितली होती का?"

"नव्हतीस मागितली." चित्रलेखा उठली. दाराशी जाऊन थांबली. "माझं राहू दे. माझं काही अडलेलं नाही. पण शमीमचं दुकान मालक काढून घेतोय. या चौकटीत तिच्या चार पट्ट्या आहेत आणि त्या विकून येणाऱ्या पैशांवर तिचं नव्या गाळ्याचं बोलणं चाललंय. ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

शमीम खरंच सांगणार नव्हती. बातमी आली त्या दिवशीही ती येऊन बॅटऱ्या बघून गेली होती, आणि विभावरीने विचारलं तेव्हा म्हणाली होती, "नियम म्हंजे नियम. तू कशाला जिवाला लावून घेतीस?"

चित्रलेखा येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी विभावरीला शाळेत नकाशा उलटा टांगल्याचं पोरांनी दाखवून दिलं. तिला राग सगळ्यांचाच आला होता. कारखान्यांचा, ओंकारचा, चित्रलेखेचा, आणि न मागणाऱ्या शमीमचा सगळ्यांत जास्त. आईचा आवाज एका आठवड्यावर आला होता. पट्ट्या काढल्या की ओट्यावरचं सगळं जाणार, आणि भाव खरंच उतरून इतकी मेमरी पुन्हा कधी हाताशी येईल याची शाश्वती नव्हती. पण शमीमचा गाळा घालवून ऐकलेला आवाज आपल्याला गोड लागेल का, हे तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आवडलं नाही तरी ते एकच होतं. घरी जाऊन तिने ग्रुपवर टाकलं: रविवारी दुपारी सगळ्या या. आपापल्या पट्ट्या घेऊन जा. खिरापत करतेय.

शमीम तासाभराने तणतणत आली. "कुणी सांगितलं तुला? चित्रीनं ना? तिच्या पोटात काय ऱ्हातच न्हाई."

"बस खाली," विभावरी म्हणाली. "जेवढं झालंय त्यातलं काही ठेवता येतं का ते बघ."

शमीम बराच वेळ पडद्यासमोर वाकून बसली. "बायका अजून सुटल्या न्हाईत. सगळ्यांचा एक गठ्ठाच हाय. पण एक गळा पार सुटा झालाय. पहिल्याच दिवशी सुटला असणार हा."

"एकच? तो कसा काय?"

"बाकीच्या एका वेळेला गात्यात. ही बाई त्यांच्या आधी म्हणती. दरवेळी आधी. त्यामुळं वेगळी पडली. हा साठवून ठेवता येईल. एका आवाजाला काय, तुझ्या फोनवरबी मावेल."

विभावरीने हेडफोन कानाला लावले. बराच वेळ नुसती शांतता होती. मग एक बाई घाईघाईने, हलक्या आवाजात म्हणाली, "शेडगे वहिनींची." पुन्हा शांतता. आणि मग, "हं."

एवढ्याने पुरे झालं. ते "हं" विभावरीने वेणी घालून घेताना मान सरळ धरली की ऐकलं होतं, पाढा न चुकता म्हटला की ऐकलं होतं, तापात औषधाचा घोट गिळला की ऐकलं होतं. बरोबर, आता पुढे, एवढा त्याचा अर्थ. आईचा आवाज ती विसरली नव्हती. तो गाणाऱ्यांत शोधत होती, आणि आई गातच नव्हती. बायकांना ओळी आठवत नसत, म्हणून आई आधीची ओळ संपते न संपते तोच पुढच्या ओळीचा पहिला शब्द सगळ्यांना पुरवत होती, आणि तो त्यांच्याच गलक्यात बुडून जात होता. विभावरी रडली, आणि शमीमने तिच्या पाठीवर हात ठेवला.

पण सगळं ऐकून झाल्यावर तिला हळहळ वाटली. नुसती ओळींची टोकं. मुलाणी भाभींची, मग शांतता, हं. कुलकर्णी काकूंची, मग शांतता, हं. शेवटी "आमच्या विभाची" असंही होतं. पुढे काय, ते तिला काही केल्या आठवेना. आई मिळाली होती आणि तिचं गाणं हरवलं होतं.

रविवारी बायका आल्या. पट्ट्या निघाल्या, रुमालात गुंडाळून पर्समध्ये गेल्या. पडदा काळा झाला. जरा अवघडलेपण होतं, म्हणून सतीशने चहा केला आणि कुणी न विचारता बादलीची गोष्ट सांगितली. शमीमने झाकल्या डब्याजवळ नाक नेलं. "नारळाच्या वड्या. वेलची जास्त झालीय." बायका हसल्या.

"अनुवहिनींचा आवाज ऐकव की," चित्रलेखा म्हणाली.

विभावरीने फोन टेबलावर ठेवला. "फार काही नाहीये हं त्यात," ती म्हणाली, आणि लावला.

"शेडगे वहिनींची," आई म्हणाली.

कुणाला काही सुचलं नाही. "हं" आलं आणि गेलं.

"मुलाणी भाभींची," आई म्हणाली.

शमीम वडी खात होती. तिने ती ताटलीत ठेवली आणि समोर कुठेच न बघता म्हणाली, "सुई हरवली."

"हं."

"अगं बाई," चित्रलेखा पुटपुटली. "लाईट गेली बाई, लाईट गेली." ठेका तिच्या पायाला आधी सापडला होता.

"कुलकर्णी काकूंची," आई म्हणाली.

"चटणी मिक्सरात राहिली," चित्रलेखा आणि शमीम एकदम म्हणाल्या, आणि आता धृपद सगळ्याच बायकांनी उचललं. कॉलनीत कधी न राहिलेल्या बायकासुद्धा टाळ्या देत होत्या. आई शब्द पुरवत गेली. एक ओळ शमीमला सापडली, एक चित्रलेखेला, काही कुणालाच सापडल्या नाहीत, तिथे सगळ्यांनी नुसतंच गुणगुणून वेळ मारून नेली, आणि आईने त्यांनाही "हं" म्हटलं. मैत्रिणी कधी उठून उभ्या राहिल्या आणि त्या टेबलाभोवती फेर कधी धरला गेला, हे विभावरीला कळलं नाही. तिचा एक हात शमीमच्या हातात होता, दुसरा चित्रलेखेच्या.

"आमच्या विभाची," आई म्हणाली.

शमीमने चित्रलेखेकडे बघितलं, चित्रलेखेने मान हलवली. ही ओळ त्यांची नव्हती. फेर थांबला आणि सगळ्या विभावरीकडे बघायला लागल्या. ती काही आठवत नव्हती. तिच्या मानेला नुसती केसांची ओढ जाणवली, अंधारात थांबलेले दोन हात जाणवले, हलू नकोस, लाईट येईपर्यंत अशीच बस, असं सांगणारे. आणि शब्द आपोआप तोंडात आले.

"वेणी अर्धीच राहिली," विभावरी म्हणाली.

"हं," आई म्हणाली.